बोरीबंदर ते बोरीबंदर

परळच्या माझ्या दवाखान्यात गेली पंचवीस वर्षे येणारे एक गृहस्थ आहेत. आम्ही सारे त्यांना अप्पा म्हणतो. त्यांच्या आणि त्यांच्या लेकीच्या संमतीनेच हे लिहितो आहे. अप्पांचे वय ८२. आयुष्यभर म्युनिसिपालिटीत कारकुनी केली, पण जीव जडला तो रेल्वेवर. निवृत्तीनंतर दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते एका दिवसाचे पर्यटक तिकीट काढीत, लोकलने मुंबईभर हिंडत आणि रात्री वहीत नोंद करीत: कोणती गाडी, किती मिनिटे उशीर, कोठे सिग्नलला थांबली. अशा सात वह्या त्यांच्या कपाटात आहेत.

गेल्या जूनमध्ये न्हाणीघरात पाय घसरून त्यांच्या डाव्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तीन महिन्यांत ते काठी घेऊन घरात हिंडू लागले, परंतु उंबरठ्याबाहेर काही पडेनात. जानेवारीत त्यांना पाहायला गेलो, तेव्हा पलंगाशेजारच्या भिंतीवर माझ्याच हस्ताक्षरातील एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली: ‘बाहेर जाणे टाळावे.’ ती मी सहा आठवड्यांसाठी लिहिली होती. ‘सहा आठवडे’ हे दोन शब्द मात्र लिहायचे राहून गेले होते. अप्पांनी आणि त्यांच्या लेकीने, आमच्या ताईंनी, ती आज्ञा सात महिने इमानाने पाळली होती.

मांड्यांचे स्नायू सुकलेले दिसत होते. पडण्याच्या भीतीने माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने पायांतले बळ जाते आणि बळ गेले की तो पुन्हा पडतो, हे चक्र मी इतरांना पुष्कळदा समजावून सांगितले आहे. इथे ते माझ्याच चिठ्ठीने सुरू झाले होते. सातव्या वहीतील शेवटची नोंद जूनच्या पहिल्या शनिवारची होती.

“अप्पा, एक दिवस जाऊ या का? मी येतो बरोबर.”

त्यांनी उत्तर दिले नाही. उठून कपाटातून जुना नकाशा काढला. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पाहून मी विषय तिथेच थांबवला. तो पुढे रेटायला आणखी दोन भेटी लागल्या.

अप्पांची पहिली योजना चर्चगेटहून वसई, वसईहून दिवा आणि दिव्याहून परत, अशी होती. वसई-दिवा मार्गावर गाड्या मोजक्या. मध्येच काही झाले तर परतणार कसे? मी नकार दिला. मग त्यांनी जो मार्ग आखला, त्यापुढे माझे वैद्यकीय शहाणपण फिके पडले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून ठाणे, ठाण्याहून वाशी, वाशीहून पुन्हा टर्मिनस. तिन्ही गाड्या अशा निवडायच्या की आपण चढू तिथून त्या सुटतात आणि आपण उतरू तिथे त्या संपतात. “मधल्या स्टेशनात गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते, डॉक्टर. माझा पाय तेवढ्यात उचलत नाही. शेवटच्या स्टेशनात मात्र ती माझ्यासाठी उभी राहते.” वृद्धांना घेऊन लोकलने निघणाऱ्यांनी एवढे एक ध्यानात ठेवले तरी पुरे.

रविवार नको, कारण मेगाब्लॉक. बुधवार ठरला. वेळ सकाळी पावणेअकराची, म्हणजे सारी गर्दी शहरात शिरत असताना आपण रिकाम्या गाडीने बाहेर पडायचे आणि संध्याकाळच्या गर्दीआधी परतायचे. आदल्या आठवड्यात एकटाच जाऊन ठाण्याची लिफ्ट चालू आहे ना, स्वच्छतागृह कोठे आहे, हे मी पाहून आलो.

टर्मिनसला टॅक्सीतून उतरल्यावर अप्पा काही वेळ नुसते उभे राहिले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने बांधलेली ही वास्तू १८८८ साली पूर्ण झाली आणि २००४ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. अप्पांना तिचे कौतुक निराळ्या कारणासाठी होते. “सगळे फलाट रस्त्याच्या पातळीला. एक पायरी नाही.” त्यांची दृष्टी आता मंदावली आहे, घुमटावरचे शिल्प त्यांना धूसर दिसते. परंतु जिना नसलेले स्टेशन त्यांच्या पायांना बरोबर कळते.

ठाणे लोकल उभीच होती. काठी मी घेतली. त्यांनी दोन्ही हातांनी दांडा धरला, आधी धड पाय वर आणि मग शस्त्रक्रियेचा. मी मागे. उतरताना उलट, मी पुढे. ज्येष्ठांच्या राखीव आसनांवर आम्हाला खिडकी मिळाली.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी याच वाटेने गेली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे. ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने. “सत्तावन्न मिनिटे लागली,” अप्पा म्हणाले, “आणि आपल्या धिम्या लोकललाही साधारण तासच लागतो. पण ती काही मस्जिद, भायखळा, शीव असे करीत सगळीकडे थांबत नव्हती!” भायखळ्याची जुनी इमारत आता डागडुजी होऊन देखणी झाली आहे. मी ती दाखवू लागलो, तर अप्पांनी डोळे मिटून घेतले होते. मला काळजी वाटली. ते ऐकत होते.

पूर्वीच्या गाड्या १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर धावत. २०१६ पर्यंत ती वीज मुंबईतून पूर्णपणे गेली आणि २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आली. जुन्या मोटारींची घरघर अप्पांच्या कानांत अजून आहे; नव्या गाड्या निघताना शिटी घातल्यासारखा सूर चढत जातो. रूळ बदलतानाचा खडखडाट ऐकून त्यांनी कुर्ला ओळखले. मुलुंडपर्यंत एकही स्टेशन चुकले नाही. डोळे अधू झालेल्या माणसाला आपण टीव्हीसमोर बसवतो आणि त्याचे मन रमत नाही म्हणून तक्रार करतो, हे मला तिथे जाणवले आणि थोडे बोचलेही.

ठाण्याला गाडी रिकामी झाली. अप्पा उत्साहाने उठले, उतरले, चार पावले चालले आणि माझ्या खांद्यावर रेलले. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. “डोळ्यांपुढे अंधार आला,” एवढेच बोलले.

शेजारच्या बाकावरील दोन मुलींनी क्षणात जागा करून दिली. अप्पांना आडवे केले, पाय माझ्या पिशवीवर उंच ठेवले. छातीत दुखत नव्हते. नाडी नियमित होती. बोलणे स्पष्ट, दोन्ही हातांत सारखाच जोर. वरचा रक्तदाब आडवे असताना १३२. काही वेळाने आधार देऊन उभे केले, तर १०४. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० किंवा त्याहून अधिक उतरला, तर त्याचा अर्थ आम्हा डॉक्टरांना ठाऊक असतो. खुबा मोडण्याच्या कित्येक कथांचा आरंभ तिथेच असतो.

“अप्पा, सकाळपासून पाणी किती प्यालात?”

“चहा घेतला. अर्धा कप.”

“आणि पाणी?”

“गाडीत संडास नसतो, डॉक्टर.”

“आणि ती लघवीची गोळी?”

“डबीत होती. घेतली.”

ती गोळी त्या दिवशी परतल्यावर घ्या, असे मी त्यांना सांगितले होते. पण आठवड्याच्या गोळ्या खणांच्या डबीत ताई भरतात आणि ताईंना मी ते सांगितलेच नव्हते. पोटात पाणी नाही, वर लघवी वाढवणारी गोळी, त्यात उत्साहाने झटकन उठणे. उतारवयात तहान तशीही कमी लागते. प्रवासाला निघालेले किती वृद्ध अशी स्वतःहून निर्जळी करतात, हे मला माहीत असायला हवे होते. माहीत होतेच, विचारले नाही. जून महिन्यात लिहिण्यात जी कसूर केली, तीच जानेवारीत बोलण्यात.

घोट घोट करून पाणी पाजले, मग लिंबाचे सरबत. (ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून दिले जाते, त्यांनी प्रवासातील पाण्याचे प्रमाण आणि अशा गोळीची वेळ आपल्या डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावी, गोळी आपल्या मनाने बंद करू नये.) बिस्किटे खाल्ली. अर्ध्या तासाने स्वच्छतागृहात जाऊन आलो.

परत फिरायचे, असे मी मनाशी ठरवले होते. अप्पांनी ते ओळखले. त्यांनी काहीच म्हटले नाही; वही पिशवीत घातली आणि पिशवीचा बंद ओढला. तेवढे पाहून मी ताईंना फोन लावला. सारे सांगितले, माझी चूकही सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता होती. ताई रागावतील अशी माझी अपेक्षा होती.

“आता कसे आहेत?”

“बरे आहेत. परत आणतो.”

“दाब बघा पुन्हा. बरोबर असला तर पुढेच न्या.” आवाज कापत होता. “आज अर्ध्यातून आणलंत ना डॉक्टर, तर ते परत कधीच बाहेर पडणार नाहीत. मी ओळखते त्यांना. आणि मीही त्यांना पडू देणार नाही बाहेर.”

पुन्हा पाहिला. उभे असताना १२४, पाच मिनिटांनंतरही तेवढाच. वीस पावले चालवले, भोवळ नाही. लिफ्टने पलीकडच्या फलाटावर गेलो आणि वाशीच्या गाडीत बसलो.

या मार्गाचे वय अवघे वीस-बावीस वर्षांचे. तो २००४ साली सुरू झाला. खाडीचा पूल ओलांडला की गाडी मुख्य मार्ग सोडून दक्षिणेला वळते आणि डाव्या हाताला पारसिकचे डोंगर लागतात. दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली. अप्पांनी आता खिडकीबाहेर पाहिले. डोंगर मोठा असतो, तो त्यांना दिसतो.

वाशीला आम्ही घरून आणलेला दहीभात खाल्ला. बाकावरून उठण्याआधी मी त्यांना मिनिटभर पाय खाली सोडून बसवले, घोटे हलवायला लावले आणि मगच उभे केले. मघाशी ठाण्याला हेच करायला हवे होते.

परतीची गाडी वाशीच्या खाडीपुलावर आली आणि चाकांचा आवाज एकदम पोकळ झाला. ओहोटी होती, दोन्ही बाजूंना चिखल उन्हात चमकत होता. अप्पांच्या ओठांवर पहिल्यांदा हसू आले. कुर्ल्यापासूनचा टप्पा तर त्यांचा विशेष आवडता: ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला याच हार्बर मार्गाने धावली. आम्ही ती वाट उलटी चालत होतो. कापसाच्या बाजारावरून नाव पडलेले कॉटन ग्रीन, गव्हर्नरांच्या नावांची रे रोड आणि सँडहर्स्ट रोड. सँडहर्स्ट रोडला हार्बरची गाडी वरच्या मजल्यावरून जाते आणि खाली मुख्य मार्ग. “सकाळी आपण खालून गेलो,” अप्पा म्हणाले, “आता वरून आलो. गोल पुरा झाला.”

तीनच्या सुमारास टर्मिनसला उतरलो. गाडी संपली होती, घाई नव्हती. सारा डबा रिकामा झाल्यावर आम्ही उठलो.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. चिठ्ठी भिंतीवरून गेली होती. गोळ्यांच्या डबीवर ताईंनी पट्टी चिकटवली होती: ‘बाहेर जाण्याच्या दिवशी डॉक्टरांना विचारून भरणे.’ अप्पांनी सातवी वही माझ्यापुढे सरकवली. तिन्ही गाड्यांच्या वेळा टिपलेल्या होत्या. खाली एक ओळ होती: ठाणे येथे ५५ मिनिटे खोळंबा. कारण: डॉक्टर.