कोठार आणि गाठोडे

मराठी शिकविणाऱ्या माणसाचा हात मोठा वाईट. त्याला अशुद्ध दिसले की खाज सुटते. लग्नपत्रिका हाती आली तरी मी आधी ऱ्हस्वदीर्घ तपासतो, मग मुहूर्त पाहतो. या हाताने माझ्याच घरात केवढा घोटाळा केला, त्याची ही गोष्ट.

माझी माय शाळेत गेली नव्हती. पण जात्यावरच्या ओव्या तिला शेकड्यांनी येत. शेवटच्या दोन वर्षांत तिच्या उशाशी बसून मी त्या वहीत उतरवल्या आणि संगणकावर चढवल्या. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. तो म्हणाला, "सर, नुसती फाईल ठेवू नका. गिटमध्ये ठेवा." लिनस टोरवाल्ड्स या गृहस्थाने २००५ साली केलेली ही व्यवस्था. प्रत्येक बदलाची तारखेनिशी नोंद होते आणि जुना मजकूर कोठारात तसाच राहतो. मी निमूटपणे नोंदी करीत गेलो. माय गेली. पुढे एका पावसाळ्यात घर गळले आणि वहीचा लगदा झाला. संगणकावर आहेच, म्हणून मी हळहळलोही नाही.

यंदा दिवाळीला देगलूरच्या बहिणीला मायच्या ओव्या पाठवाव्यात, असे मनात आले. विद्यार्थी मुखेडला आलाच होता. त्याने एक आज्ञा टंकली आणि क्षणात साऱ्या फायलींचे झिप, म्हणजे आवळून बांधलेले गाठोडे, तयार झाले. ते इतके लहान कसे, मी विचारले. तो म्हणाला, "ओवीत तेच तेच शब्द येतात ना? झिप ते पुन्हा लिहीत नाही. मागे अमुक ठिकाणी आहेत, एवढीच खूण ठेवते. उघडले की कानामात्राही कमी होत नाही."

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "दादा, या ओव्या मायच्या न्हाईत. माय इठ्ठल म्हणायची, तू विठ्ठल लिवलास. मायचं पानी तू पाणी केलास."

मी गप्प झालो. तीन वर्षे थोडे थोडे करून मी मायला शुद्ध केले होते!

विद्यार्थी मात्र हसला. "सर, गाठोड्यात फक्त आजचा मजकूर जातो, मागचा इतिहास जात नाही. पण कोठार आपल्यापाशीच आहे. कोणत्या दिवसाचे गाठोडे बांधू, ते सांगा." मी पहिल्या दिवसाचे सांगितले. त्याने त्या नोंदीची खूण दिली आणि नवे झिप बांधले. ती चाळीस अक्षरांची खूण गाठोड्यातही चिकटलेली असते. माल कोणत्या नोंदीचा, हे त्यावरून कळते.

त्या रात्री मला पैठण आठवले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तसे लिहूनही ठेवले. नाथांचे उपकार थोरच. परंतु त्यांच्यासमोर कोणते पाठ होते, त्यांतले त्यांनी कोणते बाजूला सारले, त्यांची नोंद आपल्या हाती नाही. राजवाड्यांनी १९०९ मध्ये जुनी म्हणून एक प्रत छापली, तेव्हापासून पंडित वाद घालीत आहेत. आपल्याकडे गाठोडे आले. कोठार आले नाही. आणि मी तर नाथही नव्हे, नुसता परीक्षेचे पेपर तपासणारा!

दुसऱ्या दिवशी बहिणीचा पुन्हा फोन आला. ती वाचून दाखवू लागली आणि वाचता वाचता गाऊ लागली. एका ओवीत तिने मायपेक्षा निराळाच शब्द घेतला. माझा हात सवयीने शिवशिवला. पण मी तिला टोकले नाही.

फोन ठेवल्यावर तिचा शब्द मी नवी नोंद म्हणून कोठारात घातला. मायचा शब्द त्याच्याखाली आहे, जसाच्या तसा.