एक किलो मीठ, किती दिवस?

दिवाळीला पुतण्या अटलांटाहून आला. बॅगेतून चॉकलेटं निघाली, आजीसाठी गुडघ्याचे पट्टे निघाले आणि अगदी तळातून एक पिवळाधमक खोका. "आजी, हे खास तुझ्यासाठी. चावायला नको, शिजवायला नको. गरम पाणी ओतायचं, मिनिटभर थांबायचं, खायचं."

आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय 82. त्यांनी पुडीचा वास घेतला. "काय व्हय रे हे?"

"ग्रिट्स, आजी. चीजचे."

पाणी ओतलं, ढवळलं, वाटी त्यांच्या हातात दिली. पहिला चमचा तोंडात गेला आणि त्या हसल्याच. "अरे, या तं कण्या!"

एका घासात त्यांनी बरोबर ओळखलं. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्याच. जॉर्जिया राज्याने 2002 साली त्यांना राज्याच्या अधिकृत पदार्थाचा मान दिला. आमच्या बुऱ्हाणपुरात कण्या ज्वारीच्या. त्या ताकात शिजवायच्या, वरून लसणाची फोडणी. त्यांना मान कोण देणार? आजारी माणसाचं किंवा घाईच्या दिवसाचं जेवण ते.

आईंना पुड्या आवडल्या. दात नाहीत, रात्रीची पोळी जात नाही. एका पुडीने पोट भरेना म्हणून दोन झाल्या. सोबत भाजलेला बिबडा, म्हणजे आमचा ज्वारीचा पापड, आणि लोणच्याची एखादी फोड. मलाही बरं वाटलं. म्हाताऱ्या माणसाच्या पोटात काहीतरी जातंय!

तीन आठवड्यांनी रक्तदाब तपासला, तर वरचा आकडा 170. डॉक्टरांनी विचारलं, "मीठ कमी केलंत ना?"

"हो तर. वरून चिमूटभरही घालत नाही," मी ठामपणे म्हणाले. खोटं बोलले नव्हते. पण घरी आले ती थेट खोक्याकडेच गेले.

तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. पोषकद्रव्यांचा तक्ता फळ्यावर किती वेळा काढला असेल, गणती नाही. घरात आलेला तक्ता मात्र चष्मा लावून पहिल्यांदाच वाचत होते. एक पुडी 28 ग्रॅमची. ऊर्जा 100 कॅलरी, प्रथिनं 2 ग्रॅम, तंतू जेमतेम 1 ग्रॅम आणि सोडियम जवळजवळ 500 मिलिग्रॅम. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं. म्हणजे पुडीत सव्वा ग्रॅम मीठ, दोन पुड्यांत अडीच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते. त्यातलं निम्मं आईंच्या रात्रीच्या एका वाटीतच संपत होतं. बिबडा आणि लोणचं वेगळंच.

मग चीजकडे वळले. खोक्यावर वितळलेल्या चीजचा धबधबा होता. पण 2 ग्रॅम प्रथिनं तर तेवढ्या मक्यातूनच मिळतात, मग चीजने काय दिलं? वास, खारटपणा आणि पिवळा रंग. तो रंगही घटकांच्या यादीत सापडला. शेंद्रीच्या बियांचा! तंतू कमी का, याचंही उत्तर सरळ आहे. मक्याचा कोंडा आणि अंकुर काढून टाकलेले असतात. अंकुरात तेल असतं, ते खवट होतं, आणि पुडी तर महिनोन् महिने टिकली पाहिजे. तेवढ्याच वजनाच्या अख्ख्या ज्वारीत तंतू जवळजवळ तिप्पट असतात.

इथपर्यंत मला जिंकल्यासारखं वाटत होतं. पुढची ओळ वाचली आणि थांबले. लोह, फॉलिक आम्ल आणि नायसिन हे ब गटातलं जीवनसत्त्व, ही वरून घातलेली होती. नायसिनमागे मोठी गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा व्हायचा. कातडी काळी पडून सोलायची, जुलाब लागायचे, भ्रम व्हायचा. हा रोग संसर्गाचा नसून अपुऱ्या आहाराचा आहे, हे डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिलं. मक्यात नायसिन असतं, पण असं जखडलेलं की अंगी लागत नाही. मेक्सिकोकडचे लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून ते मोकळं करत आले होते. मका जगभर गेला, ही रीत मागेच राहिली. आणि हे दुखणं काही तिकडचंच नव्हे. आपल्या दख्खनमध्ये ज्वारीवर जगणाऱ्यांतही पेलाग्रा दिसायचा. हैदराबादला गोपालन आणि श्रीकांतिया या शास्त्रज्ञांनी त्यावर काम केलं, त्यांचा निबंध 1960 साली आला. म्हणजे नुसत्या कण्यांवर कुणी जगू नये, मक्याच्या असोत नाहीतर ज्वारीच्या. आपल्या कण्यांना ताक लागतं, डाळ लागते, ते चवीपुरतं नाही.

तरीही संध्याकाळी मी तोऱ्यातच ज्वारीच्या कण्या शिजत घातल्या. ताक ओतलं आणि सवयीने हात मिठाच्या बरणीत गेला. मूठ वर आली तशी मी तिच्याकडे बघत राहिले. या बरणीवर तक्ता कुठे आहे? बिबड्यात मीठ आणि वर पापडखार, तोही सोडियमचाच. उन्हाळ्यात गच्चीवर शंभर बिबडे घातले तेव्हा मीठ कुणी मोजलं होतं?

मग हिशेब मांडला. घरात आम्ही चौघं: आई, हे, मुलगा आणि मी. मिठाचा एक किलोचा पुडा महिन्याला संपतो. हजार ग्रॅम भागिले चार, भागिले तीस. माणशी दिवसाला 8 ग्रॅमच्या वर! पाहुणे, भांडी असं काही वजा करा. पण बाहेरची शेव-कचोरी मिळवा, हिशेब तिथेच येतो. अटलांटाच्या पुडीने निदान आकडा छापला होता. मी तर तोही लपवला होता, आणि तोही स्वतःपासूनच.

सगळा दोष पुडीचा नव्हताच. थंडी होती, आणि मध्ये दोन दिवस गोळीही चुकली होती. डॉक्टरांना पुन्हा भेटून सगळं खरं सांगितलं. त्यांनी गोळी तीच ठेवली, जेवण बदलायला सांगितलं.

खोक्यात नऊ पुड्या उरल्या होत्या. मी त्या कामवालीला देऊन टाकणार होते, पण आईंनी हात धरला. "तिचं बीपी काय लोखंडाचं हाय?" मग तोडही त्यांनीच काढली. वाटीभर बिनमिठाच्या ज्वारीच्या कण्या ताकात शिजवायच्या आणि त्यात अर्धीच पुडी ढवळायची. पिवळा रंग येतो, चीजचा वास येतो, पोट भरतं. सोबत बिबडा नाही, त्याऐवजी पातळ वरण.

आता मिठाचा नवा पुडा फोडला की त्यावर मी पेन्सिलीने तारीख टाकते. चौघांचे 5 ग्रॅमप्रमाणे धरले तर तो 50 दिवस पुरायला हवा. पहिला 34 दिवस पुरला, दुसरा 38. सध्याच्या पुड्यावर 41 दिवस झालेत. आई रोज विचारतात, "संपला का गं?" आणि मी बरणी हलवून दाखवते.