तापीकाठची डॉक्टरीणबाई

सुरत म्हटले म्हणजे मराठी मनापुढे पहिल्याने उभी राहते ती शिवछत्रपतींची स्वारी. १६६४ आणि १६७० ही दोन साले आपल्या शाळकरी मुलांनाही मुखोद्गत असतात. त्यामागून आठवतो जरीकाठ, आठवते घारी, आणि हल्लीच्या पिढीला आठवतात हिऱ्यांचे कारखाने व यंत्रमागांची खडखड. परंतु १८९५ साली एक मराठी स्त्री या नगरीत आली, दोन दशकांहून अधिक काळ येथे राहिली आणि येथील आयाबहिणींची बाळंतपणे करीत राहिली, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी असते. त्या स्त्रीचे नाव डॉ. रखमाबाई.

या विषयाकडे आमचे लक्ष वळले ते एका परदेशी मालिकेमुळे. ‘कॉल द मिडवाइफ’ नावाची ही इंग्रजी मालिका २०१२ पासून प्रसारित होत आली आहे. जेनिफर वर्थ या परिचारिकेच्या आठवणींवरून ती रचलेली असून तिचा आरंभ १९५७ सालच्या पूर्व लंडनमधील पॉपलर या गरीब वस्तीत होतो. सायकलवर पिशवी बांधून निघालेल्या तरुण सुइणी, दाटीवाटीची घरे, एका खोलीत सात-आठ मुले आणि दाराबाहेर येरझारा घालणारा नवरा! आमच्या कन्येने त्यातील एक भाग आम्हांस दाखविला, तेव्हा आम्हांला लंडनपेक्षा आपल्याच जुन्या वाड्यांतील काळोख्या बाळंतिणीच्या खोल्या अधिक आठवल्या. मग दिवाळीच्या सुटीत सुरतेस जाण्याचा योग आला आणि हे शहर आम्ही निराळ्या दृष्टीने पाहिले.

चौक बाजारातून तापीकाठच्या किल्ल्याकडे जावे, तेथून गोपीपुरा, महिधरपुरा अशा जुन्या भागांत शिरावे. अरुंद गल्ल्या, कोरीव लाकडी खांब, दारापुढचे उंच ओटले. आज तेथे दुचाक्यांची वर्दळ आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी अशाच गल्ल्यांच्या नगरीत स्त्रियांच्या इस्पितळाची सूत्रे रखमाबाईंनी हाती घेतली, तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आसपास होते.

त्यांच्या पूर्वायुष्याची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत जन्म. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी विवाह. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढलेली विद्येची ओढ. पुढे नांदावयास जाण्यास त्यांनी नकार दिला. १८८४ साली दादाजींनी दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निर्णय दिला. परंतु १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी, पतीगृही जा अन्यथा सहा महिने कारावास भोगा, असा हुकूम केला. बाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शविली! अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले, आणि पुढच्याच वर्षी त्या वैद्यक शिकण्यासाठी लंडनला गेल्या. स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शिक्षण पुरे करून १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

जिच्या संसाराची चर्चा मुंबईपासून विलायतेपर्यंतच्या वर्तमानपत्रांनी केली, तिने पुढील आयुष्य दुसऱ्यांचे संसार फुलविण्यात घालवावे, यातील करुणा आणि थोरवी सुरतेच्या गल्ल्यांतून हिंडताना विशेष जाणवते. इस्पितळ उघडले म्हणून बायका आपण होऊन आल्या, असे मुळीच नव्हे. इस्पितळात गेलेली बाळंतीण परत येत नाही, ही समजूत दृढ होती. असे सांगतात की, रखमाबाईंनी एक गाभण शेळी इस्पितळात आणून ठेवली आणि तिची सुखरूप सुटका करून दाखविली. तेव्हा कोठे शेजारपाजारच्या स्त्रियांचा धीर चेपला. शंभर व्याख्यानांनी जे साधले नसते ते एका शेळीने साधले! आम्ही शिक्षकांनी यापासून पुष्कळ घेण्यासारखे आहे.

या भयाला कारणही होते. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी दाखवून दिले होते की, डॉक्टरांनी औषधी द्रावणाने हात धुतले की सूतिकाज्वराचे मृत्यू झपाट्याने घटतात. तरीही ही साधी गोष्ट जगाच्या गळी उतरण्यास कित्येक वर्षे लागली. मग आपल्या घराघरांतील काळोख्या खोल्या, जुनी चिरगुटे आणि नाळ कापावयाचा तो विळा यांविषयी काय सांगावे?

आमच्या आजींची दोन अपत्ये जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातच गेली. सटवाईने नेली, असे घरात सांगत. लक्षणांचे जे वर्णन वडीलधाऱ्यांकडून ऐकले, त्यावरून तो नाळेतून झालेला धनुर्वात असावा असे आज वाटते. आणि आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आजींची सुटका करणारी सुईण अडल्या वेळी मध्यरात्रीही धावून येई. परंतु काम झाले की पायली दोन पायली धान्य आणि एक जुने लुगडे तिच्या पदरात टाकून तिला मागच्या दाराने वाटेला लावीत, आणि नंतर घर शुद्ध करून घेत. सुईण आहे तोवर बाळंतपण उरकून घ्यावे, अशा अर्थाची म्हण आपल्याकडे आहे. काम होईपर्यंत सुईण हवी, नंतर तिची सावली नको! जिच्या हातावर आमचे वडील जन्मले, तिचे नाव आज आमच्या कुटुंबात कोणासही ठाऊक नाही.

गुजरातीत सुइणीला सुयाणी म्हणतात. शब्द एकाच कुळातले, आणि त्या बाईच्या वाट्याला येणारी उपेक्षाही दोन्हीकडे सारखीच. तिला दोष देणे सोपे आहे. पण तिला शिकविले कोणी होते? १८८५ साली डफरिन फंड निघाला, १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने सुइणींच्या शिक्षणासाठी निधी उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर गावोगावच्या सुइणींना स्वच्छतेचे पाठ दिले गेले: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पाते स्वच्छ, दोरा स्वच्छ आणि नाळेवर काही न लावणे. अशा पाठांच्या, लसीकरणाच्या आणि रुग्णालयांतील प्रसूतींच्या बळावर २०१५ साली माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाले. २००४ ते २००६ या काळात देशात दर लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत. २०१८ ते २०२० मध्ये हा आकडा ९७ वर आला, आणि गुजरातेत ५७ वर. अर्थात हे ५७ म्हणजे ५७ घरे होत, हे विसरू नये.

मजुरा दरवाजाजवळचे नवे सिव्हिल आणि उमरवाड्यातील महापालिकेचे स्मीमेर या रुग्णालयांत आज लिंबायत, उधना, पांडेसरा येथील किती तरी खानदेशी लेकीसुना बाळंतपणासाठी जातात. त्यांचे घरधनी मागांवर काम करतात, मुले महापालिकेच्या मराठी शाळांत शिकतात. आम्ही तेथे भेटलेल्या एका वर्गाला रखमाबाईंविषयी विचारले. एकाही मुलीला नाव ठाऊक नव्हते. मात्र गोष्ट सांगून होताच मागच्या बाकावरील एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, ती शेळी पुढे कोणी पाळली?” या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, पण मुलीच्या मनात गोष्ट रुजली, एवढे खरे.

रखमाबाई पुढे राजकोटच्या जनाना रुग्णालयात गेल्या. निवृत्तीनंतर त्या मुंबईस परतल्या आणि २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या आयुष्यावरील ‘डॉक्टर रखमाबाई’ हा मराठी चित्रपट २०१६ मध्ये आला.

वाचकहो, आपण परप्रांती राहणारी माणसे. आपले पूर्वज कोठून आले, कोणत्या दरबारी चाकरीला होते, याच्या वंशावळी आपण जपून ठेवतो. त्याच वहीत आणखी एक पान जोडावे, अशी आमची विनंती आहे. आपल्या घरी कोणती सुईण येत असे, ती कोणत्या वस्तीत राहत असे, घरातील किती लेकरे तिच्या हातावर जन्मली, हे घरातील वृद्धांना आजच विचारून लिहून ठेवावे. आमच्या घरी ते विचारावयास आता कोणी उरले नाही. आपल्या घरी कोणी असेल, तर त्यांना विचारण्यास उशीर करू नये.