धाकटीस, खोकं न बांधण्याविषयी

सावेडी, अहिल्यानगर

चि. धाकटीस,


तू पाठवलेला नकाशा पाहिला. चार फूट बाय चार फूट, उंची सात फूट, चहूबाजूंनी प्लायवूड, आतून काळा फोम, घट्ट बसणारं दार. सुताराला अजून आगाऊ पैसे दिले नसशील तर देऊ नकोस. गोष्टी वाचून रेकॉर्ड करायचं तू मनावर घेतलंस याचा मला फार आनंद आहे. पण हे खोकं तुझ्या आवाजाची माती करील, आणि पैसेही जातील.

असं बघ, यात कामं दोन आहेत. बाहेरचा आवाज आत येऊ द्यायचा नाही हे एक, आणि आपलाच आवाज भिंतीवर आपटून माईकमध्ये परत शिरू द्यायचा नाही हे दुसरं. पहिल्या कामाला निव्वळ वजन लागतं. भिंतीचं वजन दुप्पट करावं तेव्हा पलीकडचा आवाज कसाबसा 6 डेसिबलनं उतरतो. फोमला वजनच नाही, अंड्याचे ट्रे तर नुसता कागद. तुमच्या दारावरून भेंड्याच्या कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर जातात, मागं दोन-दोन ट्रेलर आणि वर टेप फुल्ल. ते काय प्लायवूडला जुमानणार? इकडे खारे कर्जुन्याच्या के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव लागला की धमाके आमच्या घरापर्यंत येतात. ते अडवायला भुईकोटाची भिंत लागेल, आणि ती लष्कराच्या ताब्यात आहे.

तेव्हा बाहेरच्या आवाजाशी भांडू नकोस, त्याला चुकव. गळीत हंगाम संपला की रस्ता निम्मा शांत होतो. त्यातही पहाटे, काकड्याचा कर्णा सुरू होण्याआधी बस. पंखा बंद, फ्रीजचं बटण बंद. (ते नंतर आठवणीनं चालू कर, नाहीतर दूध नासलं की वहिनी मला फोन करतील.)

दुसरं काम मात्र आपल्या हातातलं आहे आणि स्वस्तातलं आहे. 1895 साली अमेरिकेत हार्वर्डच्या फॉग म्युझियममधल्या व्याख्यानाच्या खोलीत बोललेलं काही समजेना. एक शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला ते निस्तरायला सांगितलं. त्यानं शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या खोलीत पसरल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि घुमणं किती वेळ टिकतं ते घड्याळावर मोजलं. थोड्या गाद्या, मग आणखी गाद्या. सगळ्या पुन्हा सकाळी जागच्या जागी. ध्वनिशास्त्रातलं घुमण्याचं सूत्र या हमालीतून निघालं. गाद्या, गोधड्या, वाकळी, घोंगड्या आपल्या माळ्यावर किती आहेत हे तुला माहीत आहेच.

मग त्या खोक्याच्या आत लावल्या तर? तरी नाही. चार फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण 140 हर्ट्झचा सूर अडकून घुमतो, आणि त्याच्या दुपटीचा, 280चाही. तुझं खोकं चौरस, म्हणजे दोन्ही दिशांना तेच सूर एकमेकांना फुगवणार. बाईमाणसाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण 165 ते 255च्या आत-बाहेर हलत असतो, म्हणजे तुझा आवाज नेमका या दोघांच्या कचाट्यात. इंच-दोन इंचाचा फोम असो की गोधडी, वरचे बारीक सूर पिऊन टाकते, खालचे तसेच सोडते. ऐकणाऱ्याला वाटतं, मुलगी रांजणात तोंड घालून बोलतेय. शिवाय एप्रिलात त्या बंद पेटीत तू एक प्रकरणही पुरं वाचणार नाहीस, आणि साधा फोम किती झटकन पेटतो ते मी एका मांडवात पाहिलंय.

त्यापेक्षा धान्य ठेवायची मोठी खोली घे. पोत्यांची थप्पी तिथं असेल तर उत्तमच, ती हलवू नकोस. पाऊण इंची पीव्हीसी पाइपाच्या तीन चौकटी कर, माणसाएवढ्या उंच, आणि प्रत्येकीवर दुहेरी वाकळ टाक. दोन चौकटी तुझ्या पाठीमागे कोन करून, तिसरी बाजूला. पुष्कळ लोक माईकच्या मागे पडदा लावतात आणि आपली पाठ उघडी टाकतात. माईकचं तोंड तर तुझ्याकडे असतं. तुझ्या डोक्यामागच्या भिंतीवरून जे परत येतं तेच तो ऐकतो. वाकळ भिंतीला चिकटवू नकोस, मधे वीतभर हवा राहू दे, म्हणजे ती आणखी खालचे सूरही धरते. डोक्यावर पत्रा आहे, तिथं एक सतरंजी ताण. झालं की मधे उभी राहून टाळी वाजव. ‘टर्र’ असा शेपटा ऐकू आला तर अजून एक गोधडी.

आणि माईकजवळ बस. अंतर निम्मं केलं की तुझा आवाज 6 डेसिबलनं चढतो आणि खोली आहे तिथंच राहते. भिंतीचं वजन दुप्पट करून जे मिळतं तेवढंच हे खुर्ची पुढं सरकवून मिळतं, फुकट. वीतभर अंतर ठेव. त्याहून जवळ गेलीस तर आवाज खर्जात फुगतो. ‘प’, ‘फ’, ‘भ’चा फटकारा लागू नये म्हणून भरतकामाच्या रिंगवर जुनी पातळ ओढणी ताणून माईकपुढं धर.

आता आजीचं. तिच्या जात्यावरच्या ओव्याही ‘बूथमध्ये स्वच्छ’ रेकॉर्ड करायच्या असं तू लिहिलं आहेस. तिला तिथं बसवू नकोस. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी हजाराहून जास्त गावांतून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या, आज त्या ‘पारी’ या संकेतस्थळाच्या संग्रहात आहेत. बर्नार बेल यांनी त्यांतल्या कित्येक नव्वदच्या दशकात बायकांच्या गावी जाऊन ध्वनिमुद्रित केल्या. नेवाशाला तर बोललेलं टिपून घेण्याची सवय शके 1212पासूनची. ज्ञानेश्वरी उतरवून घेताना सच्चिदानंदबाबांनी काही माउलींना पेटीत बसवलं नव्हतं. तुझ्या गोष्टीला कुठलीच जागा नको, ती ऐकणाऱ्याच्या मनात उभी राहायची आहे. आजीच्या ओवीचा दम मात्र जात्याच्या फेऱ्यावर तुटतो आणि तिथंच जुळतो. घरघर काढून टाकलीस तर ती मधेच का थांबली ते कुणालाच कळणार नाही.

माईकचा स्टँड तेवढा घडी घातलेल्या घोंगडीवर ठेव, नाहीतर जात्याची थरथर जमिनीतून चढते. आवाज पुसणारं कसलंही अ‍ॅप लावायचं नाही. मूळ फाइल वेव्हमध्ये ठेव, आणि सुरुवातीला तिचं नाव, माहेरचं गाव तिच्याच तोंडून येऊ दे. ती डाळ भरडायला कधी बसते ते वहिनींकडून आधी काढून घे. ‘रेकॉर्डिंगला बस’ म्हणालीस तर ती नवं लुगडं नेसून येईल आणि एक ओवी आठवणार नाही.

सप्ताहाच्या साउंडमधला एक डायनॅमिक माईक आणि केबल शनिवारच्या एसटीनं पाठवतो. स्टँड दादाकडे पडून आहे, त्याचा स्क्रू ढिला आहे, तो बदलून घे. आजीला माझा दंडवत.

तुझा
काका