सही करण्याआधी विचारा

तासगावच्या बेदाणा शेडवर आम्ही बाया दिवसभर बसून माल निवडतो. चाळिशी उलटली, की अंगातून वाफा निघतात, रात्री अंथरूण घामानं भिजतं, झोप उडते. ‘बाईचा जन्मच असा’ म्हणत आम्ही गप्प बसायचो.

आमच्यातल्या थोरल्या आक्कांच्या अंगावरून फार जायचं. एका खाजगी डॉक्टरनं छत्तिसाव्या वर्षी पिशवी काढायला लावली. कर्ज काढून ऑपरेशन केलं. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही गेली, हे नंतर कळलं. पाळी हळूहळू जायची ती एकदम गेली. आज पन्नाशीच्या आत आक्कांची हाडं ठिसूळ झालीत.

हे एकट्या आक्कांचं नाही. आपल्याकडं ऊसतोडीला येणाऱ्या बीडच्या बायांची सरकारी समितीनं 2019 साली पाहणी केली. 82,309 जणींपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. विनाकारण होणाऱ्या अशा ऑपरेशनांना आळा घालणारे नियम सर्व राज्यांनी लागू करावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं 2023 साली दिला.

गेल्या वर्षी दुसऱ्या एकीला तेच सांगितलं गेलं. आम्ही तिघी तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. सोनोग्राफी झाली, गोळ्यांवर भागलं. तिची पिशवी वाचली.

भगिनींनो, पिशवी काढायला सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. अंडाशय ठेवणार का, विचारा. शिकलेल्या लेकीकडून कागद वाचून घ्या. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर लाजू नका, त्याच आठवड्यात तपासून घ्या. आक्का म्हणतात, ‘मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.’ म्हणून आम्ही सांगतोय.