चांदीवरची नावं

लंडन

ती. आईस, सा. न. वि. वि.

काल व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली चांदीची दालनं पाहिली. सर्वांत जास्त रेंगाळले पॉल द लामेरी या चांदीकारागिराच्या कामापाशी. फ्रान्समध्ये १६८५ साली प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं आणि ह्यूगनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, कारागीर देशोधडीला लागले. लामेरी अशाच निर्वासित घरातला. हॉलंडमध्ये जन्मला, लंडनमध्ये नावारूपाला आला. तिकडे फ्रान्समध्ये चौदाव्या लुईनं १६८९ मध्ये युद्धखर्चासाठी व्हर्सायमधलं चांदीचं फर्निचर वितळवलं. राजाची चांदी मोडीत गेली आणि हात परदेशी गेले.

भांड्यांवरच्या बारीक छापांत सगळी कुंडली असते. चालता सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी, बिबट्याचं मुंडकं म्हणजे लंडन, एक अक्षर म्हणजे साल. शेजारी कारागिराची आद्याक्षरं. हेस्टर बेटमन या विधवेनं १७६१ साली स्वतःची छाप नोंदवली आणि मुलासुनांसह कारखाना वाढवला. तिच्या चहादाण्यांची कड नुसत्या मण्यांच्या ओळीनं सजलेली आहे. इतक्या थोडक्यात इतकं देखणेपण क्वचितच दिसतं.

शेफील्ड

ती. आईस, सा. न. वि. वि.

इथे एका कारागिराला भांडं घडवताना पाहिलं. सपाट पत्रा, ऐरण, हातोडा. ठोकत गेलं की चांदी कडक होते. मग तापवून मऊ करायची आणि पुन्हा ठोकायची. घाई केली की पत्रा चिरतो. घडणावळ कशाची असते, ते डोळ्यांनी पाहिलं.

याच गावात १७४३ च्या सुमारास टॉमस बोल्सोव्हर याला तांब्यावर चांदी एकजीव बसवण्याची युक्ती सापडली. मग शेफील्ड प्लेट मध्यमवर्गाच्या टेबलावर आली. जुन्या प्लेटच्या कडांना तांबूस झाक दिसते: पिढ्यान्‌पिढ्या घासून चांदी झिजलेली.

इथल्या जाणकारांची एक रीत मला फार आवडली. जुन्या तबकाच्या मध्यभागावर ते अंगठा दाबून पाहतात. तिथे पत्रा पातळ लागला, तर समजायचं की घराण्याचं कोरलेलं चिन्ह कुणीतरी घासून काढलंय. तबक विकलं गेलं, नव्या मालकाला जुनं नाव नको होतं. जिथे चिन्ह शाबूत आहे, तिथे एखाद्या घरानं अडचणीच्या काळातही ते तबक मोडीत घातलेलं नाही. चांदी वितळवणं इतकं सोपं आहे, की जुनं भांडं उरतं ते कुणीतरी दरवेळी नकार दिल्यामुळेच.

म्हणून आग्रहानं सांगते. आपल्याकडची जुनी ताम्हनं आणि फुलपात्रं सराफाकडे वजनावर देण्याचा विचार सोडून दे. त्यांवर कोरलेली नावं आणि तिथ्या वहीत उतरवून ठेव. कुणाच्या लग्नातली, कुणी दिलेली, हे तुला अजून सांगता येतं. तेही तिथेच लिही.

तुझी लेक