परीक्षा आणि शोधने

मोह हा शब्द मराठी माणसाला लहानपणीच षड्रिपूंच्या यादीत भेटतो. रिपू म्हटला की त्याच्याशी लढायचे, त्याला जिंकायचे आणि जिंकल्यावर थोडा अभिमानही बाळगायचा. ख्रिस्ती मंडळींच्या नित्य प्रार्थनेत मात्र 'परीक्षा' हा शब्द आहे आणि देवाने आपल्याला तिच्यात आणूच नये, अशी विनंती आहे. त्याच प्रार्थनेच्या कन्नड पाठात 'शोधने' हा शब्द येतो. शोधने म्हणजे कसोटी, तशीच झडतीसुद्धा. राज्य सरकारच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्याला दुसरा अर्थ आधी सुचतो, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

बासेल मिशनची माणसे धारवाडात आली ती १८३७ साली. म्हणजे आपला आणि ख्रिस्ती मंडळींचा शेजार जुना. परंतु त्यांच्या श्रद्धेचा रोजच्या व्यवहारातील अर्थ आम्हाला कळला तो कचेरीत. आमच्या हाताखाली एक ख्रिस्ती शिरस्तेदार होते. गृहस्थ कन्नडभाषिक, मितभाषी, बेताच्या पगारात मोठे कुटुंब सांभाळणारे. सणासुदीला गुत्तेदार पेढ्यांचे पुडे घेऊन येत आणि काही पुड्यांच्या तळाशी पाकीट असे. नको म्हणणारे इतरही होते, पण ते आपला नकार दिवसभर चारचौघांना ऐकवीत. शिरस्तेदार पुडा मेजाच्या मधोमध ठेवून सर्वांसमक्ष सोडीत, पाकीट निघालेच तर आणणाऱ्याच्या हाती परत देत आणि पेढे शिपायाकरवी वाटून टाकीत. हळूहळू त्यांच्या मेजावर पुडे येईनासे झाले.

एकदा आम्ही त्यांच्या निग्रहाची स्तुती केली, तेव्हा ते संकोचले. म्हणाले, "निग्रह कसला, साहेब? मुलीचे लग्न तोंडावर आले आहे. एकांतात पाकीट हाती आले तर मी काय करीन, हे मला ठाऊक आहे. म्हणून रोज सकाळी देवाकडे एवढेच मागतो की ते एकांतात येऊ नये. आणि दार उघडे ठेवणे तेवढे माझ्या हातात आहे."

स्वतःविषयी इतका अविश्वास आणि देवाविषयी इतका विश्वास आम्ही एका माणसात क्वचितच पाहिला.

रेव्हरंड नारायण वामन टिळक अशा वेळी आठवतात. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि आप्त दुरावले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो पाच वर्षांनी, १९०० साली. 'स्मृतिचित्रे' आपल्या घराघरांतून वाचली गेली आहेत. बाप्तिस्म्याच्या पाण्याने टिळकांचा तापट स्वभाव धुऊन निघाला, असे लक्ष्मीबाई कोठेही भासवीत नाहीत. राग येई आणि मागोमाग पश्चात्तापही येई. श्रद्धेने मोह कायमचा संपतो असे सांगणाऱ्या प्रवचनांपेक्षा आम्हाला हीच साक्ष अधिक खरी वाटते.

पुढे १९१७ साली टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली, साताऱ्यास जाऊन राहिले आणि 'देवाचा दरबार' स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही त्यात येऊ शकत होते. वय पंचावन्न, आपण ज्या वयात निवृत्तिवेतनाचे आकडे मांडतो ते. अरण्यात चाळीस दिवस उपाशी राहिलेल्या येशूला सैतानाने भाकरीची आठवण करून दिली, तशी जगातील सारी राज्येही दाखविली. भाकरीच्या मोहाला लोक समजून घेतात. मानाचा मोह अंगात भिनला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. टिळकांनी पगार आणि मान या दोहोंपासून स्वतःला दूर नेले. १९१९ साली ते वारलेच.

मात्र अशा त्यागाची किंमत घरच्यांना मोजावी लागते, आणि चरित्रे लिहिणारे ती फारशी मोजीत नाहीत. टिळकांच्या दातृत्वाने घरात काय काय ओढवे, ते लक्ष्मीबाईंनी हसतहसत लिहिले, म्हणून आपल्याला कळले तरी. शिरस्तेदारांच्या पत्नीने कोठे काही लिहून ठेवले असेल असे वाटत नाही.

त्यांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सपत्नीक गेलो होतो. चर्चच्या आवारात मांडव नव्हता, की जेवणाच्या पंगती नव्हत्या. चहा, केक आणि चिवडा होता. आहेराचे मेज शिरस्तेदारांनी दाराबाहेर, भर उजेडात मांडले होते. गुत्तेदारांपैकी एकालाही निमंत्रण नव्हते.